अंदाजाचे बिल आणि खरा हिशोब



कापसाची गाडी काट्यावर चढली की वऱ्हाडातला कास्तकार काट्याजवळून हलत नाही. वजन किती भरले, कडता किती कापला, भाव काय लावला, हे सारे तो स्वतः पाहतो. त्याच कास्तकाराच्या ओसरीत विजेचे मीटर टांगलेले असते. त्यावरचा आकडा मात्र वर्षानुवर्षे कोणी वाचीत नाही. बिल येते, रक्कम पाहिली जाते, पैसे भरले जातात आणि कागद तारेत टोचून ठेवला जातो. मग एखाद्या महिन्यात नेहमीच्या तीनशे रुपयांच्या जागी सोळा-सतरा हजारांचा आकडा येतो आणि घर हादरते. ‘मी त दर महिन्याले बिल भरलं बाप्पा, मंग हे एवढं आलं कुठून?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर आज आपण शोधू.

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की थोड्याच वेळात नांदगाव पेठ लागते. तेथील औष्णिक वीज प्रकल्पात २७० मेगावॅटचे ५ संच आहेत. एकूण क्षमता १३५० मेगावॅट. त्याला पाणी येते ते ऊर्ध्व वर्धा धरणाचे. अशा प्रकल्पातून बाहेर पडणारी वीज काटेकोरपणे मोजली जाते. परंतु वीज कोठूनही आली तरी, गावातल्या घरी पोचल्यावर तिची मोजणी एका माणसाच्या फेरीवर अवलंबून असते. ती फेरी चुकली की मोजणीच्या जागी अंदाज येतो.

हे कसे घडते? रीडिंग घेणारा येतो तेव्हा घराला कुलूप असते, घरची मंडळी वावरात गेलेली असतात. कधी मीटरची काच धुरकटलेली असते, कधी मीटरच बंद पडलेले असते, तर कधी फेरीच होत नाही. अशा वेळी बिलावर चालू रीडिंगच्या जागी ‘लॉक्ड’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आर.एन.ए.’ म्हणजे रीडिंग उपलब्ध नाही, असा शेरा पडतो आणि मागच्या वापराची सरासरी धरून बिल निघते. नियमाप्रमाणे ही तात्पुरती सोय आहे. पुढे प्रत्यक्ष रीडिंग झाले की फरक जुळवून घ्यावयाचा. एक-दोन महिन्यांत जुळवला तर कोणाला काही कळतही नाही. पण ही सोय दोन-तीन वर्षे चालली की फरकाचा डोंगर होतो. बिल कमी येते म्हणून आपणही गप्प राहतो. उधारीच्या वहीवर न पाहता अंगठा करण्यासारखेच ते आहे.

हा अनुभव सबंध महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रीडिंग थांबले. एप्रिल-मेची बिले डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांच्या सरासरीने निघाली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर घरघरत होते, आणि बिल मात्र हिवाळ्याचे येत होते. जूनमध्ये रीडिंग झाले तेव्हा सारा फरक एकदम अंगावर आला आणि गावोगाव ओरड झाली. तेव्हा वीज नियामक आयोगाने फुगलेल्या बिलांसाठी ३ समान हप्त्यांची सवलत दिली, आणि महावितरणनेही युनिटे महिन्यांत वाटून हिशोब केल्याचे सांगितले. ही वाटणी फार महत्त्वाची आहे. तिच्यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

ते एका हिशोबाने पाहू. समजा, नांदगाव पेठेतील एका घराला ३० महिने सरासरीने ६० युनिटांचे बिल येत गेले. खरा वापर होता ९५ युनिटांचा. दरमहा ३५ युनिटे राहिली. ३० महिन्यांची झाली १०५०. आता विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, हे आपणांस ठाऊक आहे. हिशोबापुरते असे धरू, की पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये, पुढच्या २०० ना ११, त्यापुढच्या २०० ना १५ आणि ५०० च्या वर १७ रुपये. खरे दर बिलावर पाहावेत. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क तूर्त बाजूला ठेवू.

राहिलेली १०५० आणि चालू महिन्याची ९५ अशी ११४५ युनिटे एकाच महिन्यात जाळली असे मानले, तर बिल होते १६,६६५ रुपये. पण खरे म्हणजे हे घर एकाही महिन्यात शंभरच्या वर गेलेलेच नाही! युनिटे ज्या त्या महिन्यात वाटली तर सगळी ५ रुपयांच्याच टप्प्यात बसतात. थकबाकी ५,२५० आणि चालू महिन्याचे ४७५, मिळून ५,७२५ रुपये. वीज तेवढीच, मीटर तेच. फरक जवळजवळ अकरा हजारांचा. मजुरीवर चालणाऱ्या घराला अकरा हजार रुपये म्हणजे काय, हे मी सांगावयास नको. म्हणून मोठे बिल हाती आले की पहिली मागणी एकच करावी : ‘मला महिनावार हिशोब लेखी द्या.’

दुसरी गोष्ट मुदतीची. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये थकबाकीसाठी दोन वर्षांची मर्यादा सांगितली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १२ मार्च २०१९ रोजी असा निर्णय दिला, की पहिल्या मागणीच्या मागे दोन वर्षांहून जुन्या वापराचे पैसे कंपनीला मागता येत नाहीत. आपल्या उदाहरणात त्याने थकबाकी ४,२०० वर येते. मात्र १८ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात म्हटले, की चुकीने राहून गेलेली रक्कम मुदतीनंतरही पुरवणी बिलाने मागता येते. पण तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. तेव्हा मुदतीचा मुद्दा अर्जात जरूर घालावा; पण ‘जुने सगळे माफ झाले’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

मीटर बंदच पडले असेल तर नियम निराळा आहे. अशा मीटरपोटी सरासरीची आकारणी जास्तीत जास्त तीन महिन्यांचीच करता येते. म्हणून मीटर बंद दिसताच लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

आता सर्वांत मोठी धास्ती. ‘पैसे नाही भरले त लाईन कापतीन!’ दहावीचा पोरगा घरात अभ्यासाला बसलेला असतो, आणि या धास्तीपोटी कोणी सावकाराकडे जातो, तर कोणी घरातला दागिना मोडतो. तसे करण्याआधी हे ध्यानात घ्या. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी दरमहाची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हक्क राखून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. हेही कलम ५६ मध्येच आहे. मात्र काहीच न भरता बिल तारेत टोचून ठेवले, तर हे संरक्षण मिळत नाही.

अर्ज साधा असावा. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, आजचे रीडिंग व त्याचा फोटो, सरासरीची बिले किती महिने आली ते, आणि चार मागण्या : मीटरची तपासणी, महिनावार हिशोब, टप्प्यांचा लाभ आणि उरलेल्या रकमेचे हप्ते. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर शिक्का घ्यावा. कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तेथे जावे लागते. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. आपले म्हणणे तेथे स्वतः मांडता येते. वीजचोरीची प्रकरणे मात्र या वाटेने जात नाहीत.

वापरलेल्या विजेचे पैसे दिलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. वापर खरा असेल तर थकबाकीही खरी. पण ती मोजून, महिन्यांत वाटून आणि झेपेल अशा हप्त्यांनी वसूल व्हावी, एवढे मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. २०० वॅटचा कूलर रोज १० तास चालला तर दिवसाला २ आणि महिन्याला ६० युनिटे. गणिताच्या तासाला हा हिशोब करून घ्या. प्रत्येक मुलाने महिन्याच्या एक तारखेला घरचे मीटर वाचावे, आकडा वहीत तारखेसह लिहावा आणि बिलाशी ताडून पाहावा. मीटर बदलावयास माणूस आला, तर जुन्याचे शेवटचे आणि नव्याचे पहिले रीडिंग त्याच वेळी टिपून घ्यावे. पुष्कळ भांडणे तेथेच उगवतात. सलग दोन बिलांवर सरासरीचा शेरा दिसला, तर तिसऱ्याची वाट न पाहता आईबापांकडून अर्ज लिहवून घ्यावा, नाहीतर मुलाने स्वतःच तो लिहून द्यावा. पाचवीतल्या पोराला येणारी ही वजाबाकी त्याच्या घरचे हजारो रुपये वाचवू शकते.