आवाज कुठे अडतो?

(वसतिगृहांतील व खेडोपाडीच्या मंडळ्यांतील वादकांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘ध्वनियंत्रणेची निगा’ असं भारदस्त छापलंय. विषय त्याहून लहान आहे. गिटार जोडली, ॲम्पचा दिवा लागलाय, सगळी बटणं पुढे आहेत, तरी आवाज बारीक येतो. अशा वेळी काय करायचं, एवढंच मला सांगायचंय. मागे बसलेल्या मावश्या आणि आमचे निवृत्त बंधू वाजवत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण ॲम्पसाठी पैसे तेच देतात, म्हणून त्यांनीही ऐकावं. असे पैसे मी एकदा वाया घालवले आहेत, तेही आज सांगणार आहे.

नवापूर तालुक्यातल्या एका वसतिगृहात मी वाद्यांची देखभाल करायला जातो. तिथे शहरातल्या एका कुटुंबाने दिलेला 20 वॅटचा जुना ट्रान्झिस्टर ॲम्प होता, आणि ओव्हरड्राइव्ह व डिले अशी दोन पेडल. डिले म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र. नाताळ पंधरा दिवसांवर आला असताना गृहपालांचा फोन आला. ‘सर, गिटारचा आवाजच निघत नाही. ढोलकी सुरू झाली की काही ऐकू येत नाही.’

मी गेलो. गिटार वाजवणारा मुलगा दहावीतला. आवाज पूर्ण वाढवला तरी कोणी शेजारच्या खोलीत दार लावून वाजवतंय असं वाटत होतं. मी केबल बदलली, गिटार बदलली, तेच. मग सगळ्या मुलांसमोर त्याला विचारलं, ‘तू मागे काही फिरवलंस का?’ तो म्हणाला, ‘नाही सर. पण सर, मागच्या भोकांत डिले लावला की आवाज येतो. काढला की जातो.’ मी म्हटलं, डिले आवाज वाढवत नसतो. आणि विषय संपवला.

आधी मी लाइटला दोष दिला. मीटर लावला तर 190 व्होल्ट. मग म्हटलं, ॲम्प गेला. तिथल्या महिला मंडळाने मुलींच्या बाजूला पाण्याची टाकी बसवण्यासाठी पैसे साठवले होते. त्या म्हणाल्या, नाताळ वर्षातून एकदा येतो, ॲम्प घ्या, टाकीचं पुढच्या वर्षी बघू. 40 वॅटचा नवा ॲम्प आला. नाताळ छान झाला. आणि मुलींनी आणखी एक उन्हाळा हातपंपावरून पाणी आणलं.

फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो, तेव्हा सामानाच्या खोलीतून गिटारचा आवाज येत होता, चांगला खणखणीत. आत तोच मुलगा, तोच जुना ॲम्प. मागच्या दोन भोकांत वीतभर लांबीची वायर कढईच्या कडीसारखी वाकवून लावलेली. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘सर, डिले काढून नुसती वायर लावून बघितली. तरी आवाज आला. म्हणजे डिले लागत नव्हता, वायरच लागत होती.’

आता ही दोन भोकं काय आहेत ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या ॲम्पमागे ती आहेत आणि कोणी त्यांना हात लावत नाही. ॲम्पच्या आत दोन भाग असतात. पहिला गिटारचा नाजूक सिग्नल मोठा करून त्याला रंग देतो. दुसरा तो सिग्नल स्पीकर ढकलण्याइतका ताकदवान करतो. या दोहोंच्या मधून एक वाट बाहेर काढलेली असते. ‘सेंड’मधून सिग्नल बाहेर जातो, ‘रिटर्न’मधून परत आत येतो. डिले किंवा रिव्हर्ब तिथे जोडावा म्हणून ही सोय. काहीच जोडलं नसेल तर रिटर्नच्या जॅकमध्ये पितळेसारखी एक छोटी पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते, आणि सिग्नल तिच्यावरून पुढे जातो. वर्षानुवर्षं तिथे काही लावलं नाही तर त्या पट्ट्यांवर धूळ, दमट हवा आणि गंजाचा पातळ थर बसतो. त्यातून सिग्नल जेमतेम झिरपतो. कधी ॲम्पवर थाप मारली की आवाज परत येतो, तोही याचमुळे. वायर लावली की ती पट्टी वगळून सिग्नल थेट पोचतो.

मुलाने डिसेंबरात मला नेमकं हेच सांगितलं होतं. मी त्याची माफी मागितली, त्याच मुलांसमोर. महिला मंडळाला सांगणं जास्त जड गेलं. एका मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘मग ती वायर केवढ्याची?’ मी म्हटलं, शंभर-दीडशेची. त्यावर कोणी काही बोललं नाही.

पुढे आम्ही कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला. ॲम्पचा प्लग भिंतीतून काढला, रिटर्नच्या जॅकमध्ये थोडा मारला, केबलची पिन पंधरा-वीस वेळा आतबाहेर केली आणि सुकू दिलं. वायरची गरज राहिली नाही. कुलपाला किंवा बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर पुन्हा धूळ चिकटते.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. आधी सगळी पेडल बाजूला. गिटार, एक चांगली केबल, ॲम्प, बस. आवाज पूर्ण आला तर ॲम्प निर्दोष आहे, खोट पेडलच्या माळेत आहे. मग एकेक पेडल जोडत जायचं आणि दरवेळी वाजवून बघायचं. ज्या पेडलला किंवा ज्या छोट्या केबलला आवाज पडेल, तिथे थांबायचं. घाईत दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणती लागू पडली ते कळत नाही. पेडल चालू केल्यावर आवाज खाली येत असेल तर बहुधा त्याचं ‘लेव्हल’ बटण कमी आहे; पेडल चालू-बंद करून दोन्ही आवाज सारखे करून घ्या. पायाने दाबायचं व्हॉल्यूम पेडल अर्धवट मागे राहिलंय आणि सगळे ॲम्प उघडायला निघालेत, असंही मी पाहिलंय. थेट जोडूनही आवाज बारीक असेल तर गिटारचं बटण, दुसरी केबल, आणि ॲम्पला दोन इनपुट असतील तर दुसरं इनपुट, कारण बऱ्याच ॲम्पवर एक इनपुट मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. मग मागची वायर.

आपल्या मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी पिकअपवाली अकुस्टिक गिटार असते. तिच्या अंगात 9 व्होल्टची बॅटरी असते, आणि केबल गिटारला लावली की ती बॅटरी सुरू होते, ॲम्प बंद असला तरी. रविवारी उपासना झाल्यावर केबल तशीच ठेवून गिटार कोपऱ्यात उभी केली, तर पुढच्या काही रविवारी आवाज बारीक आणि फाटका येणारच. केबल काढून ठेवा. पेडलच्या अॅडॅप्टरबाबत एकच सांगतो. कीबोर्डचा अॅडॅप्टर पिनला बसतो म्हणून पेडलला लावू नका. अधिक-उणे चिन्ह आधी जुळवून बघा, नाहीतर पेडल जळतं.

लाइट कमी असल्याची तक्रार गावोगाव ऐकू येते आणि ती खरीही असते. पण हिशोब बघा. 230 ऐवजी 180 व्होल्ट आले तर साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पची ताकद ढोबळमानाने 40 टक्के घटते. कानाला मात्र हा फरक सुमारे 2 डेसिबलचा, म्हणजे थोडासाच. वॅटचंही तेच. 20 वॅटच्या जागी 40 वॅट घेतले तर 3 डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तेव्हा शेजारच्या खोलीतून आल्यासारखा आवाज येत असेल, तर त्याचा दोष लाइटवर किंवा लहान ॲम्पवर घालता येत नाही. हे मला डिसेंबरातही ठाऊक होतं. पाठ होतं, पण घाईत आठवलं नाही.

काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प कोणी दान दिला असेल तर तो कृपा करून उघडू नका. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. तो जाणकाराकडेच न्या.

टाकी त्यानंतरच्या दिवाळीनंतर बसली. नवा ॲम्प शेजारच्या गावातल्या मंडळीकडे दिला आहे, त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

मागे बसलेल्यांना एक विनंती. पुढच्या वेळी कोणी ॲम्पसाठी पैसे मागायला आलं, मग तो मी का असेना, तर त्याला विचारा, सगळी पेडल काढून वाजवून बघितलंस का, मागे वायर लावून बघितलीस का, आणि वाजवणाऱ्या पोराला विचारलंस का.

माझी पिशवी बाहेरच्या टेबलावर आहे. त्यात एक चांगली केबल, वीतभर वायर, नवी बॅटरी, मीटर आणि स्प्रे आहे. ज्यांची गिटार बारीक वाजते त्यांनी जेवणानंतर ॲम्प घेऊन यावं. तो मुलगाही आलाय. आधी त्याला दाखवा.