न दुखणाऱ्या पायाविषयीं

(धर्मग्रामाच्या महोत्सव-सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या गतकालाविषयीं आम्हीं दोन शब्द बोलावे अशी महोत्सव-समितीची इच्छा होती. तो विषय आमच्यापेक्षां वडीलधाऱ्या मंडळींनीं अधिक अधिकारानें मांडला आहे. आम्ही आज पायाविषयीं बोलणार आहों. हा विषय उत्सवास शोभत नाहीं असें कोणास वाटेल. परंतु येत्या सोमवारीं आमच्या उजव्या पायावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, ही वार्ता पालघरपासून बोईसरपर्यंत सर्वांच्या कानीं गेली असून, कोठें आमचा अंगठा, कोठें पाऊल, व चिंचणीच्या बाजारांत तर गुडघ्यापासून सबंध पायच कापून झाला आहे, असें आम्ही ऐकतों. तेव्हां खरी हकीगत आमच्याच तोंडून ऐकलेली बरी.

मधुमेह, ज्यास आपण घरोघर शुगर म्हणतों, तो आमच्या सोबतीस येऊन चौदा वर्षें झालीं. यंदाच्या पवित्र गुरुवारीं सायंकाळीं नेमाप्रमाणें आम्हीं बारा जणांचे पाय धुतले. विधि आटोपून वस्त्रें उतरीत असतां देवळाची झाडलोट करणाऱ्या भाऊंनीं वेदीच्या पायरीपासून दारापर्यंत फरशीवर उमटलेले तांबडे ठिपके दाखविले. कोणास लागलें म्हणून शोध करूं लागलों, तों रक्त आमचेंच निघालें. बुटांत वाटाण्याएवढी खडी होती. ती सकाळपासूनच आंत असावी. तिनें अंगठ्याच्या मुळाशीं तळव्यास भोंक पाडलें होतें, आणि आम्हांस कांहींच कळलें नव्हतें. पाय दुखलाच नाहीं. त्या गोष्टीस आज सहावा महिना चालू आहे. जखम वरून मिटते, आंतून पुन्हां पाझरते. आतां जंतूंचा शिरकाव हाडापर्यंत झाला असल्यामुळें मेलेलें मांस व बिघडलेल्या हाडाचा तुकडा काढावयाचा, असें डॉक्टरांनीं ठरविलें आहे. अंगठा राहील कीं जाईल हें पाय उघडल्यावर समजेल. एवढीच हकीगत आहे. गुडघा अद्याप जागेवर आहे.

आतां जखम भरत कां नाहीं, हें सांगितलें पाहिजे. कारण ह्या मंडपांत बसलेल्या कित्येकांच्या जोड्यांत हाच प्रश्न दडून बसला आहे. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे पायांच्या ज्ञानतंतूंचा हळूहळू नाश होतो. शरीरांतील सर्वांत लांब तंतु तेच. म्हणून आरंभ बोटांच्या टोकांपासून होतो. प्रथम मुंग्या, मग जळजळ, मग बधिरपणा. घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते, टांचेस भेगा जातात. स्नायु दुर्बळ होऊन बोटें वांकडीं होतात व सारा भार एकाच ठिकाणीं पडूं लागतो. तेथें प्रथम घट्टा, घट्ट्याखालीं रक्त, आणि शेवटीं व्रण. त्यांतच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असल्या तर जखम भरावयास लागणारें रक्तच तेथवर पोहोंचत नाहीं. परंतु ह्या सर्वांहून साधें कारण असें कीं, दुखत नसल्यामुळें मनुष्य त्या जखमेवर चालतच राहतो.

हें शेवटचें कारण जगास नीट पटवून देण्याचें मोठें काम आपल्याच देशांत झालें, आणि तेंही मधुमेह्यांकडे पाहून नव्हे, तर कुष्ठरोग्यांकडे पाहून. डॉ. पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ सालीं आजच्या तामिळनाडूंतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटीं झाला. १९४६ सालीं ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. कुष्ठरोग्याचें मांसच नासकें, तें आपोआप झडतें, अशी तेव्हां समजूत होती. ब्रँड ह्यांनीं रोग्यांच्या दिनचर्येवर नजर ठेविली, तेव्हां त्यांस दिसलें कीं मांस नासकें नाहीं. वेदना नाहींशी झाली आहे. निरोगी मनुष्य चालतांना एका ठिकाणीं टोंचूं लागलें कीं नकळत पाऊल बदलतो, लंगडतो, थांबतो. ज्याची वेदना गेली तो लंगडत नाहीं, म्हणून त्याचा पाय झिजून फुटतो. पायास प्लास्टर चढवून भार सबंध तळव्यावर सारखा वांटला, म्हणजे वर्षानुवर्षांचे व्रण कांहीं आठवड्यांत भरून येतात, असा अनुभव आला. पुढें त्यांनीं मऊ रबराचे जोडे करविले. तेंच ज्ञान आज मधुमेह्यांच्या कामीं येत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांतील मधुमेह्यांचा अंदाज सुमारें १० कोटी १० लाख इतका निघाला. म्हणजे हा कांहीं एकट्या पाद्रीबाबांचा आजार नव्हे.

दवाखान्यांत ह्या बधिरपणाची परीक्षा करण्याचें साधन मोठें गमतीचें आहे. नायलॉनचा एक जाड तंतु असतो; तो दहा ग्रॅमांच्या दाबानें वांकतो. आजाऱ्यानें डोळे मिटावयाचे, डॉक्टरांनीं तळव्यावर ठिकठिकाणीं तंतु टेंकवावयाचा, आणि लागलें कीं आजाऱ्यानें ‘हो’ म्हणावयाचें. आमच्याबरोबर अणुवीज केंद्रांतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही उभे होते. आम्ही डोळे मिटून वाट पाहात बसलों. बराच वेळ कांहीं होईना, म्हणून विचारलें, ‘डॉक्टर, आरंभ केव्हां?’ स्नेही हळूच म्हणाले, ‘फादर, सात वेळां झालें.’ त्या दिवसापासून हे गृहस्थ दररोज रात्रीं आठ वाजतां विजेरी घेऊन येतात, आमचे दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या पाहतात, आणि वहींत तारीख घालून नोंद करितात. त्यांस आम्हीं बोलाविलें नव्हतें. येऊं नका असें सांगितलें तरी ते ऐकत नाहींत.

ह्या ठिकाणीं आम्हांस पेत्राची आठवण होते. शेवटच्या भोजनाच्या वेळीं प्रभु पाय धुवावयास आले, तेव्हां त्यानें पाय मागें घेतला. प्रतिवर्षीं त्या प्रसंगावर प्रवचन करितांना ती पेत्राची नम्रता असें आम्ही सांगत आलों. आतां वाटतें, तींत थोडी लाजही असावी. दुसऱ्याचा पाय धुणें सोपें आहे. स्वतःचा दुर्गंधि येणारा पाय दुसऱ्याच्या मांडीवर ठेवणें, हें सेमिनरींत कोणी शिकवीत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतलेंच एक उदाहरण सांगतों. परचुरे शास्त्री हे संस्कृताचे पंडित. महात्मा गांधींची व त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगाच्या काळापासूनची. त्यांस कुष्ठरोग जडला, आणि १९३९ सालाच्या सुमारास ते वर्ध्याजवळ सेवाग्रामास येऊन पोहोंचले. त्या काळीं ह्या रोगावर गुणकारी औषध नव्हतें व आश्रमांत माणसें पुष्कळ होतीं. तरी गांधींनीं त्यांस ठेवून घेतलें, आपल्याजवळच झोंपडी दिली, आणि त्यांचे व्रण स्वतः धुऊन अंगास मालिश करण्याचा नेम धरला. आम्हांस त्यांत महात्मेपणापेक्षां नेमाचें मोल अधिक वाटतें. एके दिवशीं व्रण धुणारे पुष्कळ सांपडतील. दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच वेळीं येणारा विरळा.

आतां कांहीं गोष्टी स्पष्ट बोलतों. त्यांबद्दल राग मानूं नये. आपल्याकडे पायास लागलें कीं प्रथम चुना, हळद, तंबाखू, बिब्बा ह्यांची आठवण होते. बिब्ब्यानें निरोगी कातडी देखील भाजते. मग बधिर कातडीची काय कथा! भोवरी झाली म्हणजे दाढीच्या पात्यानें ती कापणारे आपल्यांत आहेत. थंडींत पाय शेकावयास गरम पाण्यांत बुडवून बसणारे आहेत. पाणी किती कढत आहे हें त्या पायास कळत नाहीं. सातपाटीच्या वाळूंत, भाताच्या चिखलांत, मिठागरांत आमचीं माणसें अनवाणी वावरतात. आणि बोईसरच्या कारखान्यांत बारा बारा तास जाड बूट घालून उभीं राहतात. पहिल्यास कांटा दिसत नाहीं, दुसऱ्यास फोड दिसत नाहीं.

नवसाविषयींही सांगितलें पाहिजे. वांद्र्यास मोत माउलीच्या सणांत मेणाचा पाय वाहण्याची चाल आपल्यांत जुनी आहे. ती प्रेमाची चाल आहे; आम्ही तिला बोल लावीत नाहीं. परंतु ज्यास मधुमेह आहे त्यानें अनवाणी चालत जाण्याचा नवस करूं नये. केला असेल तर आम्हांकडे यावें. नवस बदलून देण्याचा अधिकार धर्मसभेनें आम्हांस दिला आहे, आणि तो ह्या कामीं वापरावयास आम्हांस आनंदच वाटेल.

कोणी भाविक आम्हांस यहूदाच्या आसा राजाची कथा ऐकवून गेले. राज्याच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं त्याच्या पायांस भारी रोग झाला, त्यानें देवाकडे न जातां वैद्यांकडे धांव घेतली, व दोन वर्षांनीं तो मेला. म्हणून, फादर, कापाकापी नको, प्रार्थना करूं. बंधूंनो, आसाचा दोष वैद्याकडे गेल्याचा नव्हे, देवास विसरल्याचा. वैद्याचा मान ठेवावा, त्यालाही देवानेंच निर्माण केलें आहे, हें सिराच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायांत सांगितलें आहे. आम्ही रविवारीं तैलाभ्यंग घेणार आहों आणि सोमवारीं भूल घेणार आहों. दोहोंत विरोध नाहीं.

भीति वाटते काय, असें मुलांनीं विचारलें. वाटते. लोयोलाच्या इग्नासीचा पाय १५२१ सालच्या मे महिन्यांत पांप्लोनाच्या वेढ्यांत तोफगोळ्यानें मोडला. हाड वांकडें जुळलें म्हणून पुन्हां मोडून बसविलें. आणि एक टोंक वर राहिलें, तें घट्ट बुटांत शोभणार नाहीं म्हणून त्यानें स्वतः मागणी करून करवतीनें कापून घेतलें. बेशुद्ध करणारा ईथर बोस्टनच्या शस्त्रक्रियागृहांत येण्यास तेव्हां सव्वातीनशें वर्षें अवकाश होता. बुटापायीं त्यानेंही सोसलें व आम्हींही. एवढेंच काय तें साम्य. आमची भीति कापण्याची नाहीं. अंगठा गेला तर वेदीवर तोल संभाळतां येईल कीं नाहीं, ख्रिस्तशरीराचा चषक हातीं असतां पायरी चुकेल काय, ही आहे. रात्रीं ती मोठी होते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील ते चौघे अलीकडे आमच्या मनांतून जात नाहींत. पक्षघात झालेल्या मित्रास खाटेवर घालून त्यांनीं कफर्णहूमास आणलें, दारांत गर्दी म्हणून छप्पर उकललें आणि खाट खालीं सोडली. (तें छप्पर मागाहून कोणीं शाकारलें, ह्याचा उल्लेख नाहीं, चौघांनींच शाकारलें असावें अशी आमची समजूत आहे.) प्रभूनें त्या चौघांचा विश्वास पाहिला, असें तेथें म्हटलें आहे. त्या आजाऱ्यास खाट उचलून आपल्या पायांनीं घरीं जातां आलें. आमच्यासारख्यांस तसें लगेच जातां येत नाहीं. शस्त्रक्रिया तासाभरांत आटोपेल. पुढें निदान सहा आठवडे तें पाऊल जमिनीस लावावयाचें नाहीं. स्नानगृहापर्यंत चार पावलें, ‘एवढ्यानें काय होतें’ म्हणून टाकलेलीं, महिन्याची कमाई घालवितात. शिवाय एकदां भरलेला व्रण शंभरांतील सुमारें चाळीस जणांस वर्षाच्या आंत पुन्हां होतो, असें डॉक्टर सांगतात. तेव्हां पहिल्या आठवड्यांत शंभर माणसें केक व पेढे घेऊन यावीं आणि पांचव्या आठवड्यांत कोणीच फिरकूं नये, असें करूं नका. गोड तर आणूंच नका. वाचून दाखवावयास या, कुबड्या हातीं द्यावयास या, चाललों तर रागें भरावयास या.

आमची गोष्ट तशी सोपी आहे. आम्हांस रिक्षावाले चाचा आहेत, जे दिवसाआड मलमपट्टीस नेतात व नमाजाची वेळ संभाळून परत आणतात. सातपाटीच्या मावशी आहेत, ज्यांच्यापुढें आमचें धर्मगुरुपण चालत नाहीं. परंतु बोईसरच्या खोल्यांत चार चार, सहा सहा जण पाळीनें झोंपणारे परप्रांतीय कामगार आहेत. त्यांतील एकास अशीच जखम आहे. एक दिवस पाय उचलून बसला तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि तळवा पाहावयास घरचें माणूस नाहीं. २०१३ सालापासून विरारची लोकल डहाणूपर्यंत येते. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत जाणें पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे. पण त्यास गाडींत चढवावयास, रांगेंत उभें राहावयास, सरकारी योजनेचे कागद जमवावयास कोणी तरी लागतें. आमच्या तरुण मंडळानें हें काम अंगावर घेतलें आहे. त्यांस माणसें कमी पडतात. नांवें आज संध्याकाळीं द्यावीं.

आमच्या गैरहजेरींत सहायक धर्मगुरु मिस्सा अर्पितील; वेळा बदलणार नाहींत. पुढल्या रविवारीं दुसऱ्या मिस्सानंतर परिचारिका भगिनी तो नायलॉनचा तंतु घेऊन सभागृहांत बसतील. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं, व आपल्यास तो नाहीं अशी ज्यांची नुसती समजूत आहे त्यांनींही, यावें. पाय धुऊन यावें. रोजचे जोडे बरोबर आणावे. आंत हात घालून पाहावयाचें आहे.