शेजारच्या आजीची साक्ष

गोरेगावच्या आरेत आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आजही वारल्यांचे पाडे आहेत. जंगलातून काय आणायचं, वाघदेव कुठे पुजायचा, हे तिथे वाडवडिलांच्या रीतीने ठरत आलं. त्याचा कागद कुणी केला नाही.

१८७८ च्या इंग्रजी वन कायद्याने मात्र हक्क लेखी किंवा तोंडी, पण ठरलेल्या मुदतीत अधिकाऱ्यापुढे मांडायला लावला. राखीव जंगलात जो हक्क मुदतीत मांडला नाही आणि चौकशीतही कळला नाही, तो सहसा संपला. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. पुढे इंग्रज गेले, पण त्यांचा १९२७ चा वन कायदा राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र हा ऐतिहासिक अन्याय होता, असं मान्य केलं. त्याच्या नियमांत दावेदाराखेरीज इतर वृद्धांचं लिहून घेतलेलं निवेदन, जुनी विहीर, दफनभूमी, पूजास्थान हेही पुरावे आहेत.

‘कागद दाखवा’ म्हटलं की घरात काय धावपळ उडते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तुमच्यापैकी काही जण कायदा शिकत आहेत. एखाद्या रविवारी पाड्यावर जा, लोकांना विचारा. त्यांना हवं असेल, तर शेजारच्या आजीजवळ बसा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.