प्रवाळाच्या टाकीवरचा पंखा



मे महिन्यात पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या घरात दुपार कशी जाते, हे तिथं राहणाऱ्यांना सांगायला नको. आपण ओला पंचा खांद्यावर टाकून पंख्याखाली सरकतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या प्रवाळाला मात्र जागचं हलता येत नाही. त्याला साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. पारा तिशीच्या वर जाऊन काही दिवस तिथंच राहिला, की प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं.

दगडी प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. ती घरच्या टाकीत आणू नयेत. माझ्या टाकीत आहेत ते झोअँथिड आणि मशरूम, म्हणजे प्रवाळाचे दगडी सांगाडा नसलेले भाऊबंद. उन्हाळा त्यांनाही सोसत नाही.

पाणी गार करणारी चिलर नावाची यंत्रं मिळतात, पण ती महाग. म्हणून बहुतेक जण टाकीच्या काठावर छोटा पंखा लावतात. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं टाकीही गार होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढी दोनशे लिटरच्या टाकीतून काढून घेतली तर तिचं तापमान जवळजवळ तीन अंशांनी उतरेल. पुण्याच्या कोरड्या हवेत हे छान जमतं. मुंबईत किंवा रत्नागिरीत पावसाळ्याच्या तोंडाशी, हवा दमट झाली, की तोच पंखा फारसं काही करू शकत नाही.

वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. म्हणून घटलेली पातळी आरओच्या गोड्या पाण्यानंच भरायची, तीही रोज. दोनशे लिटरमधलं दिवसाला दोन लिटर उडालं आणि आठवडाभर भर घातली नाही, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार साडेसदतीसच्या वर जातात.

आता ज्यासाठी मी इथं आलो, ते सांगतो. टाकीत बुडबुडे फुटतात, तुषार उडतात, ते वाळतात आणि पंख्याच्या पात्यांवर, वायरीवर, प्लगच्या फटीत पांढरा खार चढतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी दिसतो. हवा दमट झाली की तोच खार ओलावा ओढून घेतो आणि त्यातून वीज वाहते. दोन वर्षांपूर्वी टाकीत हात घातल्यावर माझ्या बोटांना बारीक झिणझिण्या आल्या. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखालच्या कपाटात होता, आणि त्यात मिठाचे थर साचले होते. इलेक्ट्रिशियननं मीटरबॉक्स उघडून पाहिला. एमसीबी होता, आरसीसीबी नव्हता. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळतच नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तेवढ्या गळतीलाही वीज तोडतो. त्या दिवशी माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं माझ्याआधी हात घातला असता तर, हा विचार अजूनही मला सोडत नाही.

तेव्हापासून घरात २३० व्होल्टचा क्लिपचा पंखा टाकीवर लावायचा नाही, हे ठरलं. १२ व्होल्टचा पंखा वापरतो. तो स्क्रूनं घट्ट बसवलेला आहे, कारण क्लिप सैल होते आणि पंखा थेट पाण्यात जातो. त्याचा अडॅप्टर मात्र २३० व्होल्टवरच चालतो, म्हणून तो टाकीपासून दूर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर भिंतीवर. पंप, दिवे अशा बाकीच्या उपकरणांच्या वायरींना प्लगच्या आधी खाली झोळ दिलाय, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळापाशी गळून पडतं, प्लगपर्यंत चढत नाही.

दर रविवारी बटण बंद करून प्लग काढतो. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पाती आणि जाळी पुसतो, पूर्ण वाळू देतो. पंखा किरकिरायला लागला तर बदलतो. टाकीच्या तोंडाशी तेलाचा किंवा स्प्रेचा थेंबही नको, तो पाण्यात उतरतो. आणि टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, घाई असली तरी.

श्रोतेहो, तुमच्या घरी अशी टाकी असेल तर आज रात्री मीटरबॉक्स उघडून बघा. ज्या स्विचवर 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं, तो आरसीसीबी. ते बटण दाबलं की वीज गेली पाहिजे. गेली नाही, किंवा बटणच नसेल, तर उद्या सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि तोवर मुलांना टाकीत हात घालू देऊ नका.