दुधाचा पगार आणि बँकॉकची बैठक

नगरच्या सावेडीत सकाळी दुधाची पिशवी फोडताना बँकॉक कुणाला आठवत नाही. पण 4 नोव्हेंबर 2019 रोजी तिथे भारताने ‘आरसेप’ या सोळा देशांच्या व्यापार करारातून अंग काढून घेतलं, त्यामागे एक मोठं कारण दूध होतं. त्या सोळांतल्या न्यूझीलंडमध्ये माणसं मोजकी, दूध अफाट. त्यातलं बहुतेक भुकटी-लोणी होऊन परदेशी जातं. आपल्याकडे संगमनेर, अकोले, राहुरीकडच्या कितीतरी घरांचा संसार दोन-चार गायींवर चालतो.

उसाचं बिल यायचं तेव्हा येतं. ‘दुधाचा पगार’ मात्र दर दहा दिवसांनी. किराणा, मुलांची फी, सरकी पेंडेची उधारी त्यातूनच भागते. संकलन केंद्रावर किटली रिकामी होते, नमुना यंत्रात जातो, चिठ्ठी निघते: फॅट 3.5, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.5. पॉइंट घसरला की पैसे कापले. जगात भुकटी काय भावाने जाते, ते चिठ्ठीवर नसतं. पण जादा दुधाची भुकटीच होते, आणि तिला उठाव नसला की गाईच्या दुधाचा भाव बसतो. 2024 च्या सुरुवातीला राज्य सरकारने लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, ते अशाच पडत्या भावात.

त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने 10 हजार टन भुकटी 15 टक्के शुल्कावर आणायला मुभा दिली. हा कोटा जुन्या तडजोडीतला. जागतिक व्यापार संघटनेत आपण भुकटीवर शून्य शुल्काला बांधलेले होतो. ते 60 टक्क्यांवर नेताना एवढी सवलत मान्य करावी लागली. एवढ्या भुकटीला लागणारं दूध म्हणजे देशाच्या एका दिवसाच्या उत्पादनाचा पाचवा हिस्साही नाही. पण भाव पाडायला निमित्त पुरतं! त्याच पावसाळ्यात अकोले तालुक्यातल्या कोतूळला दूध उत्पादक धरणं धरून बसले.

करार वाईटच, असं मी म्हणणार नाही. द्राक्षं, डाळिंबं, कारखान्यांतला माल बाहेर जातो, त्यावर पोटं चालतात. पण निर्यातीने एमआयडीसीत वाढलेली नोकरी कोतूळच्या पन्नाशीतल्या बाईला मिळत नाही. तिची गाय एकदा बाजारात गेली की पगार संपला. म्हणून ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये झालेल्या करारातून दूध वगळलं, हे बरं झालं. मात्र दार लावून घेतल्याने भाव मिळतो असंही नाही. उसासारखी दुधालाही एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान भाव, द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे, आणि ती मान्य करायला कुठल्याच परक्या देशाची सही लागत नाही.