नगररचनाकाराची पूर्वतयारी



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला योजिली आहे, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. नगररचनेची पदवी घेऊन नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या तरुणांनी तयारी कशी करावी, हा आजचा विषय. विषय वरवर व्यावहारिक आहे. परंतु उज्जैनसारख्या नगरीत तो तेवढाच राहत नाही.

मुलाखतीस जाणारा उमेदवार सामान्यतः कायदे पाठ करतो. ते आवश्यकच आहे. मध्य प्रदेशात जाणाऱ्याला १९७३ चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आणि महाराष्ट्रात जाणाऱ्याला १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम ठाऊक असलाच पाहिजे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत आणि त्यांतला पहिलाच नगर नियोजनाचा आहे, हेही माहीत असावे. पण कलमे पाठ असणारे उमेदवार दाराबाहेर पुष्कळ बसलेले असतात. निवड करणाऱ्यांना पाहायचे असते ते हे, की या मनुष्याला शहर वाचता येते काय?

शहर वाचणे म्हणजे काय, याचे उत्तर आपल्या शेजारीच, इंदुरात मिळते. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने होळकर दरबारासाठी केलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आधी पाहणी, मग निदान, मग उपाय, हा त्यांचा क्रम. दाट वस्ती दिसली की रुंद रस्त्यासाठी ती सरसकट पाडण्यास त्यांचा विरोध असे. एखादे पडके घर काढावे, मोकळी जागा साधावी, झाड लावावे, आणि बाकीची वस्ती राखावी, असे ते सांगत. प्लेगने गांजलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वाधिक स्वच्छ होतील, तेथून ती जाईल असे जाहीर केले, आणि लोक झाडू घेऊन कामाला लागले. लोकांना बरोबर घेतल्यावाचून नकाशा कागदावरच राहतो, हे त्यांनी जाणले होते.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी, की ज्या शहरात मुलाखत असेल तेथे दोन दिवस आधी जावे आणि पायी हिंडावे. उज्जैनच असेल तर गोपाळ मंदिराच्या चौकातून रामघाटापर्यंत चालावे, मग रेल्वे ओलांडून फ्रीगंजमध्ये यावे. जुन्या गावातील गल्ल्या आणि फ्रीगंजचे सरळ रस्ते ही दोन वेगळ्या काळांची दोन उत्तरे आहेत. त्या फेरफटक्याचा एक नकाशा स्वतःच्या हाताने काढून जवळ ठेवावा. छापील प्रमाणपत्रांपेक्षा तो अधिक बोलतो.

दुसरी सूचना, आकडे पाठ न करता ते मांडून पाहावेत. २०११ च्या जनगणनेत उज्जैनची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रचलित मान धरले, तर त्या लोकसंख्येस रोज सुमारे ७ कोटी लिटर पाणी हवे. त्यातील ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानले, तर साडेपाच कोटी लिटर. ते कोठे जाते? हा प्रश्न विचारला की क्षिप्रा समोर उभी राहते, आणि इंदूरचे पाणी घेऊन तिला मिळणारी कान्ह नदीही. म्हणजे उज्जैनचा प्रश्न उज्जैनच्या हद्दीत संपत नाही. ज्याला हे सांगता आले, त्याने निम्मी मुलाखत जिंकली.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. २०२८ साली सिंहस्थ आहे. मेळा ज्या जमिनीवर भरतो त्यातील बरीचशी शेतकऱ्यांची आहे. ती काही काळापुरती घेतली जाते आणि परत दिली जाते. तेथे कायमची बांधकामे व्हावीत म्हणून लँड पूलिंगची योजना पुढे आली. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि २०२५ साली शासनाने ती मागे घेतली. दुसऱ्या बाजूस, मे २०१६ च्या सिंहस्थात वादळी पावसाने तंबू कोसळून सात जण प्राणास मुकले, हेही विसरता येत नाही. यात्रेकरूची सुरक्षितता आणि शेतकऱ्याची जमीन, यांचा मेळ कसा घालाल, असे कोणी विचारले तर काय सांगाल? तयार उत्तर पुस्तकात नाही. उमेदवाराने एवढे तरी सांगावे, की कोणाचे काय जाते आणि कोणाला काय मिळते याचा हिशेब मी प्रथम मांडीन. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर येणाऱ्या हरकती हा निव्वळ उपचार मानणार नाही. आणि माझे मत वरिष्ठांना रुचले नाही, तरी ते टिपणीत लेखी नोंदवीन. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असे स्वच्छ म्हणावे. नगररचनाकाराच्या खोट्या आत्मविश्वासाची किंमत दुसऱ्याचे घर चुकवत असते.

श्रोतेहो, शिंद्यांच्या राजवटीबरोबर आपले पूर्वज या नगरीत आले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरास नेली, तरी ही कुटुंबे येथेच राहिली. ज्या शहराने आपल्याला सामावून घेतले, त्याच्या घडणीत आपल्या मुलामुलींचा हात लागावा, आणि तो हात जपून चालावा, एवढीच इच्छा व्यक्त करतो.