नाव, नावाडी आणि बाटली

आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. गलबते आणि जहाजे आपण पुस्तकातल्या चित्रांत पाहिली. त्यामुळे नावेतल्या दारूविषयी बोलायचे म्हटले की पुष्कळांना वाटेल, हा विषय कोकणातल्या मंडळींचा, आपल्याला त्याचे काय? पण मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी आहे, अकोल्याकडे महानला काटेपूर्णेचा जलाशय आहे, चिखलदऱ्याला शक्कर तलाव आहे आणि कौंडण्यपूरला वर्धामाईचा घाट आहे. सुटीच्या दिवशी मंडळी पाण्याकाठी जातात, डबे सोडतात, आणि नाव दिसली की तीत बसावेसे वाटतेच. त्यात गैर काही नाही. डब्यांच्या पिशवीतून बाटली निघते, तेव्हा मात्र गोष्ट बदलते.

आधी एक दुःखाची हकीकत सांगतो. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात, वर्धा नदीवर झुंजच्या धबधब्याजवळ एक नाव उलटली. दशक्रियेसाठी गाडेगावला जमलेले ते नातलग होते. लहानशा डोंग्यात तेरा माणसे बसली होती. दोघे पोहून काठाला लागले, अकरा जण गेले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या अपघाताशी मी दारूचा संबंध जोडत नाही. तसे करणे त्या घरावर अन्याय होईल. मी तो सांगितला तो एवढ्यासाठी, की नाव किती थोड्या चुकीवर उलटते हे त्यातून कळावे. शुद्धीतली माणसे, ओळखीची नदी, आणि तरी भार जास्त झाला की पाणी क्षमा करीत नाही. मग ज्या नावेत चार जण झिंगलेले आहेत, तिचे काय होईल?

नावाडी प्यालेला नसला म्हणजे झाले, असे आपण समजतो. मोटारीच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे आहे. ड्रायव्हर शुद्धीत असेल तर मागे बसलेला पिऊन झोपी गेला तरी गाडी घरी पोचते. नावेचे तसे नाही. नावेतला प्रत्येक उतारू हा अर्धा नावाडीच असतो, कारण त्याच्या अंगाचे वजन नाव तोलते किंवा कलंडवते. काठ आणि पाणी यांच्यामध्ये कधीकधी वीतभरच अंतर उरलेले असते. अशा वेळी एखादा गडी उठून उभा राहतो, मोबाइलवर फोटो काढायला सगळ्यांना एका बाजूला बोलावतो, नाहीतर लघवीसाठी काठावर पाय ठेवतो. शुद्धीतल्या माणसाला तोल जाताना आपोआप सावरता येते. प्यालेल्याचे सावरणे उशिरा येते, आणि तेवढ्यात नाव भरते.

गुरुजी मंडळी ऐकत असतील तर त्यांना हे वर्गात दाखवता येईल. परातीत पाणी घ्या, त्यात वाटी तरंगत ठेवा, आणि वाटीत टॉर्चचा एक सेल आडवा ठेवा. वाटी डुलेल, पण तरंगेल. आता तोच सेल उभा करा आणि पाण्याला बोटाने जरासा हेलकावा द्या. वजन तेवढेच, सेल तोच, आणि वाटी कलंडते. नावेत खाली बसायला का सांगतात, हे मुलांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

आता आपला नेहमीचा शूर माणूस काय म्हणतो? "कायले भेता बाप्पा, मले पोहता येते." येत असेल. विहिरीत पाठीला भोपळा बांधून शिकला असेल, पूर आलेली पूर्णा पोहून गेला असेल. पण तेव्हा तो प्यालेला नव्हता. आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत द्रव असतो, आणि डोके कुठे वळले याची वर्दी तो मेंदूला देतो. दारू रक्तातून तिथे पोचली की ही वर्दी खोटी येऊ लागते. बिछान्यावर पडल्यावर खोली फिरते ती त्यामुळेच. जमिनीवर डोळे मदतीला येतात. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही, कान खोटे सांगतो, आणि माणूस वर जाण्याऐवजी खालीच हातपाय मारू शकतो. त्याचे पोहणे कुठे गेलेले नसते. वर कोणते आणि खाली कोणते, हेच त्याला कळेनासे होते.

थंडीत चिखलदऱ्याला जाणारे म्हणतात, "थोडी घेतली की ऊब येते." ऊब चामडीला वाटते. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर उलट लवकर गार होते. गार पाण्यात पडल्यावर हा हिशेब फार महाग पडतो.

आणखी एक गैरसमज सकाळचा. रात्री घेतली होती, आता काय? यकृत साधारण एका छोट्या पेगचा निकाल लावायला तासभर घेते. मध्यरात्रीपर्यंत सहा पेग झालेले असतील, तर पहाटे नाव सोडताना त्यातले थोडे अंगात असू शकते. काळा चहा, लिंबू, डोक्यावर थंड पाणी, यांनी झोप उडेल. दारू उतरत नाही. त्यावर ऊन, वारा आणि इंजिनाची घरघर, यांनीही माणूस मंदावतो. अमेरिकेत तटरक्षक दल दरवर्षी नौकाविहारातल्या अपघातांचा अहवाल काढते, त्यात प्राणघातक अपघातांच्या ज्ञात कारणांमध्ये दारू वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर येते. तिथे मोटारबोटी आहेत, कायदे आहेत, पाण्यावर पोलिस आहेत. तरी ही स्थिती आहे.

आपल्याकडे रस्त्यावर पोलिस यंत्रात फुंकायला लावतो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली की चालक गुन्हेगार. घाटावर असे यंत्र घेऊन सहसा कोणी उभे नसते. वर्धा नदीची तर मौजच आहे. खालच्या अंगाला पलीकडे वर्धा जिल्हा, तिथे 1970 च्या दशकापासून दारूबंदी. अलीकडे अमरावती जिल्हा, तिथे दुकाने उघडी. एका काठाचा कायदा दुसऱ्या काठावर नाही, आणि बुडवताना नदी मात्र कोणता जिल्हा ते विचारीत नाही.

म्हणून सगळा भार शेवटी नावाड्यावर येतो, आणि इथेच खरी अडचण आहे. करीचा दिवस, धुळवड, विसर्जन. दहा-बारा तरुणांचे टोळके हसत-ओरडत घाटावर येते. नावाडी गरीब माणूस. दिवसाची कमाई समोर उभी असते. त्याने "नाही नेत" म्हटले तर शिव्या, कधी धक्काबुक्की. टोळक्यात बहुधा गावच्या पाटलाचा नाहीतर सरपंचाचा पोरगा असतो. अशा वेळी त्या एकट्या माणसाने नियम पाळावा, अशी अपेक्षा करून आपण घरी बसणे मला बरे वाटत नाही. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. पुढे बाबांनी मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मटण-दारू न देता गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांसमोर "नाही" म्हणणे किती जड असते, हे त्यांना ठाऊक होते. नावाड्याचे "नाही" त्याहून हलके नाही. ग्रामपंचायतीने घाटावर पाटी लावावी: किती माणसे बसायची, आणि प्यालेल्याला नाव नाही. सणाच्या दिवशी दोन वजनदार माणसांनी तिथे नुसते बसून राहावे. नावाडी मग पाटीकडे बोट दाखवू शकतो.

आणि तुम्ही बसणारे असाल तर? आधी लाइफ जॅकेट मागा. ते म्हणजे आपल्या पाठीच्या भोपळ्याचाच नवा अवतार. पण तो पट्टे बांधून अंगावर हवा, नावेत ढीग घालून नव्हे. माणसे मोजा, जॅकेटे मोजा. आकडा जुळत नसेल तर दुसऱ्या खेपेची वाट पाहा. सोबतच्याने घेतली असेल तर त्याला काठावर ठेवा, आणि एकटा ठेवू नका. झिंगलेला माणूस काठावरूनही पाण्यात उतरतो. कोणी पडलाच, तर पोहता येते म्हणून एकदम उडी टाकू नका. बुडणारा गळ्याला मिठी मारतो, आणि प्यालेल्याची मिठी सुटत नाही. दोर फेका, बांबू पुढे करा, धोतर किंवा लुगडे फेका, झाकण घट्ट लावलेली तेलाची रिकामी कॅन फेका. दुसऱ्याने लगेच 112 ला फोन लावावा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, आणि दवाखान्याचा माणूस येईपर्यंत थांबू नका.